गाडी आली आहे

चाकावर धरलेली काच तिच्या बोटांत कट्‌कन तडकली आणि तिनं चाक बंद केलं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासायची. फ्रेमच्या मापाला काच उतरवायची, कडा मऊ करायच्या, इतकी वर्षं तिचं हेच काम, आणि तिच्या हातून काच फुटल्याचं दुकानात कुणालाही आठवत नव्हतं. चाक थांबल्यावर तर तो आवाज आणखीच स्वच्छ ऐकू आला. रस्त्यावरून, भोंग्यातून, तिचा नवरा बोलत होता. "गाडी आली आहे. सावकाश या. सगळ्यांना मिळेल. उरेलसुद्धा." मग जराशी खरखर, आणि पुन्हा तेच. आवाज दुकानासमोरून गेला, कोपऱ्यावर वळला, वळताना भिंतींवर आदळून दुहेरी झाला आणि पुलाच्या दिशेनं विरत गेला. नवरा जाऊन एक हिवाळा उलटला होता, उन्हाळाही सरत आला होता. ती तशीच उभी राहिली, हातात काचेचे दोन तुकडे, चाकावरचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेलं. पुढच्या खोलीतून मालकांनी विचारलं, "काय झालं गं? लागलं का?" "नाही काका. काच खराब होती," ती म्हणाली. काच अगदी चांगली होती. ती एका म्हाताऱ्या शिंप्याची होती आणि संध्याकाळी तो चष्मा न्यायला येणार होता. तिनं दुसरी काच काढली, माप लावलं, चाक सुरू केलं, पण काच चाकाला टेकवायचं धाडस होईना. शेवटी तिनं हात मांडीखाली दाबून ठेवले आणि शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी स्टुलावर बसून राहिली.

नवरा मदत संस्थेत होता. बाहेरून आलेल्या मोठ्या लोकांपैकी नव्हे, इथलाच, ज्यांना संस्थेचं जाकीट मिळतं पण विमानाचं तिकीट मिळत नाही त्यांपैकी. पुलापलीकडच्या वस्तीत नळ बंद होऊन किती काळ लोटला हे लोकांनी मोजायचं सोडलं होतं. लढाईतल्या दोन्ही बाजूंच्या चौक्या एकमेकींवर तोफा डागत आणि वस्ती मधल्या मध्ये भरडली जात होती. तिथं पाण्याचा टँकर घेऊन जायचं, तोट्या सोडायच्या, रांग सांभाळायची, रिकामा टँकर परत आणायचा, हे त्याचं काम. गाडी गोदामातून निघाली की भोंगा सुरू व्हायचा तो थेट वस्तीत पोचेपर्यंत, म्हणजे चौक्यांवरच्या बंदूकवाल्यांनाही कळावं की पाण्याची गाडी आहे, गोळी वाया घालवू नका. आणि वस्तीतले लोक तळघरातून, जिन्याखालून बाहेर यायचे तेही भोंगा ऐकूनच. एका दुपारी तोट्यांपाशीच गोळा पडला. रांगेतलं कुणी गेलं नाही. गेला तो एकटा. शोकसभेत संस्थेच्या साहेबांनी सांगितलं, "अखेरच्या क्षणी त्यांनी ओरडून सगळ्यांना सावध केलं आणि स्वतः मात्र..." सभागृहात लोकांनी रुमाल काढले. ती पहिल्या रांगेत बसली होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट आली, ती अशी की हा माणूस खोटं बोलतोय. तिचा नवरा ओरडून कुणाला सावध करूच शकला नसता. रांगेला ओरडून सांगायचं म्हणजे "पळा" म्हणायचं, आणि तिच्या नवऱ्याला जन्मात एकदाही पहिल्या झटक्यात "प" म्हणता आलेला नव्हता.

तो अडखळत बोलायचा. सगळ्याच अक्षरांना नाही, पण "प" आला की ओठ मिटायचे ते मिटायचेच. मानेची शीर तट्ट फुगायची, डोळे एका बाजूला सरकायचे, आणि शब्द आत कोंडलेला. लहानपणी त्याच्या आईनं काय काय केलं नव्हतं! तोंडात गोट्या ठेवल्या, आरशासमोर उभं केलं, चारचौघांत बोलता येईना म्हणून दोनदा थोबाडलंही. तो अडला की ती माउली घाईघाईनं शब्द पुरा करून टाकायची आणि तो ताटावरून उठून जायचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं बायकोला सांगून टाकलं, "माझा शब्द माझा मी आणीन. तू फक्त थांब." ती थांबायला शिकली. तो अडला की ती हातातलं काम तसंच ठेवायची, त्याच्याकडे बघायची नाही, श्वास मात्र त्याच्याबरोबर धरायची. शब्द आला की दोघांचा श्वास एकदम सुटायचा. लोक नवरा-बायकोच्या प्रेमाच्या काय काय गोष्टी सांगतात, तिची सांगण्यासारखी गोष्ट एवढीच होती की ती थांबायची. आणि अशा माणसाला संस्थेनं सांगितलं की भोंग्यासाठी घोषणा रेकॉर्ड करून आण! तिनंच मग युक्ती काढली. शांतता हवी म्हणून दोघं भर उन्हाळ्यात गोधडी डोक्यावरून घेऊन पलंगावर बसली, मध्ये फोन, दोघांच्याही अंगाला घामाच्या धारा. बाहेरून सासूबाईंनी दार वाजवलं, "अगं, दिवसाढवळ्या काय चाललंय काय?" आणि दोघांना जे हसू फुटलं ते आवरेना, आणखी काही वेळा सगळं पहिल्यापासून करावं लागलं. पाण्याची घोषणा आणि तिच्यात पाणी हाच शब्द चालत नव्हता. "मग गाडी म्हण," ती म्हणाली. "गाडी आली की काय आलं ते न कळण्याइतके लोक खुळे नाहीत." सावकाश, सगळ्यांना, मिळेल, सगळे शब्द तिनं पारखून घेतले. "उरेलसुद्धा" हे तिनं चेष्टेनं घातलं. पाणी कधीच उरत नसे. पण त्यानं ते राहू दिलं. गोधडीखाली, डोळे मिटून, तो एकदाच न अडखळता सगळं म्हणाला, आणि फोन बंद करून तिच्याकडे असा बघत बसला, जणू आत्ता बोलला तो माणूस गोधडीत आणखी कुणी तिसरा होता.

तो तिसरा माणूस आता रस्त्यावरून फिरत होता. दुकानातून घरी जाताना तिला जाणवलं की गेले कित्येक दिवस आपल्याला नवऱ्याचा आवाज नीट आठवत नाही. तिनं मनातल्या मनात त्याला बोलायला लावून पाहिलं. पाकीट कुठे ठेवलंस, विचार. पाव संपला, म्हण. त्यानं विचारलं, म्हटलं, पण सरळ, सपाट, भोंग्यातल्यासारखं, एकही अक्षर न अडता. तिला धडकी भरली. अडखळणं आठवायला जावं तर एकच चित्र समोर यायचं, जे तिनं पाहिलंच नव्हतं. तोट्यांपाशी तो उभा आहे, वरून शीळ येतेय, समोर एवढी माणसं डबे घेऊन उभी आहेत, आणि त्याचे ओठ मिटले आहेत. शीर फुगली आहे. शब्द येत नाही. कुणी थांबत नाही त्याच्यासाठी, गोळा तर नाहीच नाही. दुपारी भाजी निवडताना, बसच्या थांब्यावर, चाकाच्या घरघरीत, कुठेही ते मिटलेले ओठ तिच्यासमोर यायचे आणि तिचा श्वास आपोआप धरला जायचा. बाहेर तो गुळगुळीत आवाज आणि आत ते मिटलेले ओठ. मधला तिचा माणूस, चहा ढवळत "प... प... परवा जाऊ" म्हणणारा, त्याला कुणीतरी उचलून नेलं होतं. तो गेला तेव्हा तिला वाटलं होतं, यापेक्षा आणखी काही जायचं बाकी नाही. होतं. आवाज जायचा होता.

घरी सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. या खिडकीत बसायची त्यांना सवय नव्हती, ऊन यायचं म्हणून त्या तिला नावं ठेवायच्या. तिनं चपला काढल्या, पाणी प्यायली, आणि मग उगाच, काहीच न ठरवता विचारलं, "आई, तुम्ही ऐकता का तो आवाज?" म्हातारी पदरानं नाक पुसून म्हणाली, "गाडीचा रस्ता बदललाय ना. जुना पूल बंद केल्यापासून इथूनच जाते. तू कामाला गेलेली असतेस. तुमच्या दुकानावरून जायला लागली ती आजपासून म्हणे." "मला सांगितलं नाहीत." "सांगून काय करणार होतीस? बंद कर म्हणाली असतीस." हे इतकं खरं होतं की तिला राग यायला जरा वेळ लागला. सासूबाई म्हणाल्या, "किती छान बोलतो गं माझा. एकदा तरी अडला का? मी त्याला बोलताना कधी एवढं सुखानं ऐकलंच नाही. कायम जीव टांगणीला." आणि मग हळूच, अपराध्यासारखं, "मारलं होतं मी त्याला, बोलत नाही म्हणून." तिला वाटलं ओरडावं, आई, तो तुमचा नाही, तो गोधडीतला तिसरा आहे, तुमचा तो आहे ज्याला तुम्ही थोबाडलंत. पण सत्तरीच्या बाईच्या हातातून एवढं कसं काढून घ्यायचं? ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी धुऊन झालेली असताना पुन्हा धुवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती संस्थेच्या ऑफिसात गेली. भिंतीवर त्याचा फोटो, जाकीट घातलेला, फोटोग्राफरनं "हसा" म्हटल्यावर माणूस हसतो तसा हसणारा. टँकरचं काम बघणाऱ्या बाईंनी तिला पाहिलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या, खुर्ची पुढे केली, पंखा तिच्याकडे वळवला, आणि मग हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. "आमचं चुकलंच," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. रोज ठरवायचो, आज फोन करू, उद्या करू. कोणत्या तोंडानं करायचा?" "बंद करा मग," ती म्हणाली. "बंद केलं होतं. त्यांच्यानंतर लगेच. नवी घोषणा केली, रेडिओवरच्या निवेदिकेकडून, अगदी व्यवस्थित. 'पिण्याचं शुद्ध पाणी आलं आहे, नागरिकांनी लाभ घ्यावा.' गाडी गेली, तोट्या सोडल्या, एक माणूस वर आला नाही. त्यांना वाटलं, सापळा आहे. इतकी वर्षं पाणी म्हणजे 'गाडी आली आहे'. कुणीतरी अनोळखी बाई गोड आवाजात पाणी पाणी करतेय म्हटल्यावर त्यांनी दारांना आतून टेबलं लावली. पुढच्या वेळीही तेच. भरलेली गाडी परत आली. आत तळघरात लोक गढूळ पाणी पीत होते, पोरं आजारी पडली. मग ड्रायव्हर म्हणाला, जुनीच लावून बघू." बाईंनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "लावली. आणि सगळे आले." पंखा फिरत होता. ती म्हणाली, "बाई, मला त्याचा आवाज आठवेनासा झालाय. तुमचा भोंगा वाजतो आणि माझ्यात उरलेलाही पुसला जातो. हे तुम्हाला कळणार नाही." "नाही कळणार," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तर आजपासून बंद. हक्क तुमचा आहे. फक्त एकदा गाडीबरोबर जाऊन या. मग सांगा." हा सरळसरळ डाव होता आणि बाईंच्या चेहऱ्यावर तो लपलेलाही नव्हता. ती हो म्हणाली, कारण तिथं, त्या तोट्यांपाशी, ती अजून एकदाही गेलेली नव्हती, आणि जायला हवं हे तिला कधीपासून माहीत होतं.

ड्रायव्हर त्याच्याबरोबरच काम केलेला. त्या दुपारी तो पुढच्या चाकापाशी वाकलेला होता म्हणून वाचला, आणि तेव्हापासून तिच्या घरी आला नव्हता. "वहिनी, पट्टा लावा," एवढंच म्हणाला. तिनं त्याला बजावलं, तिथं मी कोण ते कुणाला सांगायचं नाही. त्यानं मान हलवली. भोंगा सुरू झाला. बाहेरच्यांना तो मोठा ऐकू येतो, आत केबिनमध्ये पत्र्यातून, सीटमधून, दाढांतून ऐकू येतो. गाडी आली आहे. सावकाश या. तिनं दोन्ही हातांनी सीटची कड धरली. घरापुढून गाडी गेली तेव्हा वरच्या खिडकीत सासूबाई दिसल्या, चेहरा उन्हात, डोळे मिटलेले, आणि तिनं मान फिरवली. चौकीवरच्या शिपायानं गाडी न तपासताच हात हलवला, त्याचे ओठही घोषणेबरोबर हलत होते. त्याला ती पाठ झाली होती. पुलाच्या पलीकडे घरांना दर्शनी भिंती नव्हत्या, वरच्या मजल्यावरची कपाटं, पलंग रस्त्यावरून दिसत. ड्रायव्हरशी काही बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं. विचारायचं होतं ते एकच. तो ओरडला का? पण तिनं विचारलं, "रोज याच रस्त्यानं?" तो म्हणाला, "होय." तिला स्वतःची चीड आली. उत्तर दोन हातांवर बसलं होतं आणि ती रस्त्याची चौकशी करत होती. पण त्यानं "नाही ओरडला" म्हटलं असतं तर? आजवर ते ओठ फक्त तिच्या मनात मिटलेले होते, ते मग कायमचेच मिटले असते.

गाडी थांबली. चौकात भिंतीचा एक तुकडा नवा लिंपलेला होता आणि खाली फरशीला खड्डा, त्यात कुणीतरी खडी भरून सपाट केला होता. तिनं तिकडे पाहिलं आणि मग पाहिलं नाही. जिन्यांखालून माणसं येऊ लागली. डबे, कॅन, एका बाईच्या हातात बाळाचा आंघोळीचा टब. "उरेलसुद्धा म्हणे!" एक म्हातारा भोंग्याकडे बघून म्हणाला, "अरे लबाडा, कधी उरलंय?" आणि दोघंतिघं हसली, जिवंत माणसाची फिरकी घ्यावी तशी. ती तोट्यांपाशी उभी राहिली, संस्थेचं जाकीट अंगात, ते तिला मोठं होत होतं. रांगेत पुढे एक म्हातारी होती, पाठीत वाकलेली, जिभेनं मात्र ताठ. "तू नवी का गं?" तिनं विचारलं. "ती तोटी अशी नाही सोडायची, शिंतोडे उडतात. आमचा दादा अर्धीच सोडायचा." "कोण दादा?" तिनं विचारलं. तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटला. म्हातारीनं वर भोंग्याकडे बोट दाखवलं. "हाच की, ओरडतोय तो. भोंग्यात बघ कसा शहाण्यासारखा बोलतो. खरा असा नव्हता हो. खरा म्हणजे..." आणि म्हातारीनं कॅन खाली ठेवला, ओठ घट्ट मिटले, मान जराशी डावीकडे कलली, डोळे बाजूला सरकले, गळ्याची सुरकुतलेली शीर ताठ झाली. "प... प... प..."

तोच होता. त्या बोळक्या तोंडात, त्या वाकलेल्या पाठीवर, अगदी तोच, चहा ढवळणारा. तिचा श्वास धरला गेला. आणि म्हातारी शब्दापर्यंत पोचायच्या आत मागून सगळी रांग एका सुरात ओरडली, "पाणी!" आणि हसली. "असं करायचो आम्ही," म्हातारी म्हणाली. "तो अडला की आम्ही पुरा करायचो. पहिल्यांदा रागावला. मग हसायला लागला. मग मुद्दामच म्हणायचा, आम्ही ओरडावं म्हणून. दुसरी काय करमणूक होती इथं?" तिच्या छातीत कळ आली, ती सरळ सरळ मत्सराची होती. घरात कुणी शब्द पुरा केला तर ताटावरून उठणारा माणूस इथं परक्यांपुढे तोंड उघडून उभा राहायचा, शब्द घाला म्हणून! तिला तो कधी असा हसलेला दिसला नव्हता. म्हातारी बोलतच होती, आता हळू. "त्या दिवशी पण अडला बघ. हे इथंच. मी पहिली होते. प... प... म्हणाला, आम्ही पाणी म्हणणारच होतो, एवढ्यात त्याचे डोळे वर गेले. पाणी म्हणताना वर कोण बघतं? मागून कुणीतरी ओरडलं, पळा! मग सगळेच ओरडले, पळा, पळा. शब्द त्याचाच, ओरडलो आम्ही. मला त्यानं उचलून त्या भिंतीमागे टाकलं. डबे कसले गोळा करत बसलीस म्हणून रागावलेला होता चेहरा. मग गेला." कॅन तोटीखाली सरकवत ती म्हणाली, "त्याचा शब्द राहिला नाही हो. पुरा झाला."

तोटी वाहत होती, कॅन भरून वाहत होता, कुणी बंद करत नव्हतं. भोंगा वर बोलत होता की नाही, तिला कळलं नाही. म्हातारीनं आता तिच्याकडे नीट पाहिलं, जाकिटाकडे, चेहऱ्याकडे. "पण तू का रडतेस? तू त्याची कोण?" तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. "मी त्याची ब..." आणि ओठ मिटले. तिनं जोर केला. मानेची शीर फुगल्याचं तिला आतून कळलं. शब्द होता, तिथंच होता, दाताच्या मागे, पण येईना. "ब... ब..." रांग थांबली. कुणी हसलं नाही. सगळी माणसं हातातले डबे तसेच धरून श्वास रोखून उभी राहिली, ती स्वतः नवऱ्यासाठी इतकी वर्षं थांबायची तशी. मग मागून तो म्हातारा हळूच म्हणाला, "बायको." आणि एकामागून एक सगळ्या रांगेनं म्हटलं, ओरडून नव्हे, एकमेकांना सांगावं तसं, बायको, त्याची बायको.

ड्रायव्हरनं केबिनमधून डोकं बाहेर काढलं. त्याचेही डोळे लाल होते. "वहिनी, बंद करू का आवाज?"

"नको," ती म्हणाली, आणि वाकून तोटी अर्धी केली. "अजून माणसं यायची आहेत."